तिसरा हात

यंत्राने काढलेली रेघ माणसाने हाताने पुन्हा काढायची, यापरता मूर्ख उद्योग शर्वरीने आयुष्यात पाहिला नव्हता. तरी गेले तीन महिने ती तोच उद्योग शिकत होती, आणि येत्या शुक्रवारी तिला सांगायचं होतं, की हा जन्मभर करणार की नाही.

या उद्योगाचं मूळ कायद्यात होतं. काही वर्षांपूर्वी एका विमा कंपनीच्या यंत्राने नदीकाठची गावंच्या गावं एका फटक्यात विम्यातून उडवली, आणि का उडवली ते कंपनीत कुणालाच सांगता येईना. मग कायदा आला. मृत्यूदराचा कुठलाही तक्ता तीन माणसांच्या हाताखालून गेल्याशिवाय लागू व्हायचा नाही. ठिपके यंत्राने द्यायचे; त्यांतून जाणारी रेघ तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, कागदावर, पेन्सिलीने काढायची. तिन्ही रेघा जुळल्या तर तक्ता मंजूर. एक जरी फटकून निघाली, तर कच्चे ठिपके दवाखान्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांसमोर उघडे करायचे आणि भांडण चव्हाट्यावर मिटवायचं. चव्हाट्याचा धाक असा, की विमा कंपनीच्या साताऱ्याच्या या कचेरीत रेघा जुळल्या नाहीत असं कधी घडलंच नव्हतं.

रेघ काढणाऱ्या या तिघांना हात म्हणत; इथला जुना तिसरा हात थरथरायला लागला म्हणून निवृत्त झाला होता. त्याच्या जागी उमेदवार म्हणून आली शर्वरी भोईटे: गणिताची पदवीधर, ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विम्याचं गणित मांडणाऱ्यांच्या, परीक्षांतला शेवटचा पेपर राहिलेली, दहा महिन्यांच्या ओवीची आई.

या व्यवसायाकडे ती वळली ती स्वभावापायी. पंख्याचा नट, खिडकीचा गज, पाळण्याची दोरी, जगातली कुठलीही वस्तू कशी पडेल, तुटेल, अडकेल हे तिला आधी दिसायचं, आणि मग ती वस्तू दिसायची. कॉलेजातले सर म्हणाले होते, एवढं भिणाऱ्या माणसाला दोनच धंदे, देवऋषी नाहीतर ॲक्च्युअरी. दुसऱ्यात निदान पेन्शन असते. सासूबाईंना ॲक्च्युअरी हा शब्द काही केल्या जिभेवर बसवायचा नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं की त्या सांगून मोकळ्या व्हायच्या, आमची सून लोक कधी मरतात ते मोजायला जाते.

कचेरीतला पहिला हात मकरंद उपळेकर. साठीला टेकलेले, खिशात दोन पेन्सिली, आणि आवाज न चढवता समोरच्याला खाली बसवण्याची हातोटी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, बाळाला कोण बघतं? सासूबाई, असं कळल्यावर ते म्हणाले, बरं झालं, म्हणजे अर्धं लक्ष तरी इथे राहील. दुसरा हात यास्मिन मुल्ला. चाळिशीची, दोन मुलांची आई. रेघ इतकी उपळेकरांसारखी काढायची, की दोन कागद एकावर एक धरले तर खालचा कुठला ते कळू नये. शर्वरीशी ती कामापुरतं बोलायची, आणि काम फारसं नसायचं.

काम समजायला सोपं होतं. एका वयाच्या लाखभर माणसांतले किती जण पुढचा वाढदिवस पाहणार नाहीत, तो आकडा म्हणजे एक ठिपका. प्रत्येक वयाला एक. पण कच्चे ठिपके कधी सरळ वागत नाहीत. एखाद्या वर्षी एखादी बस दरीत जाते, आणि त्या वयाचा ठिपका उगाच वर उडी मारतो. निसर्ग अशा उड्या मारत नाही असं हे शास्त्र धरून चालतं. एकतिशीचा माणूस बत्तिसाव्या वाढदिवशी निराळा प्राणी होत नाही. म्हणून ठिपक्यांच्या गर्दीतून एक गुळगुळीत रेघ न्यायची आणि उंचवटे योगायोग म्हणून सोडून द्यायचे. कुठला उंचवटा योगायोग, कुठला खरा, हे ओळखणं म्हणजे ॲक्च्युअरीचं काम. उपळेकर या कामाला इस्त्री म्हणत.

शुक्रवारी बायकांचा नवा तक्ता काढायचा होता. सोमवारी सरावासाठी ठिपके समोर आले, आणि शर्वरीची पेन्सिल सत्ताविशीपाशी थांबली. तिथून तेहेतिशीपर्यंत ठिपके वर चढून पुन्हा खाली उतरत होते. फार नाही, चादरीखाली मूल झोपलं असावं एवढा फुगवटा. तिने जुने तक्ते काढून पाहिले. पट्ट्या येण्याआधीच्या एकाही तक्त्यात तो नव्हता. पट्ट्या आल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून तो होता, आणि दर वर्षी उपळेकरांनी तो इस्त्री केला होता.

पट्टी म्हणजे विमा काढलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर असायची ती. नाडी, प्राणवायू, हृदयाचे ठोके, झोप, सगळं ती टिपायची आणि रोज सकाळी गुण द्यायची. गुण घसरत राहिले की विमा आखडायचा. आज हे ऑपरेशन यादीतून गेलं, उद्या ते. पण पट्टीचा खरा उपयोग वेगळा होता. माणूस आडवा पडून झोपलेला असताना त्याचं हृदय दमायला लागलं, तर त्याला स्वतःला कळायच्या आधी ते पट्टीला कळायचं, आणि दवाखान्यात निरोप जायचा.

फुगवट्यामागे काय असेल म्हणून शर्वरीने त्याच वयाच्या बायकांच्या झोपेची माहिती यंत्राकडे मागितली. यंत्राने ती दिली, वर कौतुकाची ओळही जोडली: बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात मातांची झोप लक्षणीय सुधारलेली आढळते.

शर्वरी हसली. एकटीच, आणि मोठ्याने. तान्ह्या बाळाची आई सलग सात तास झोपते, हे वाचून ज्याला हसू येणार नाही त्याच्या घरात बाळ नसावं. उपळेकरांनी पलीकडच्या खोलीतून मान वर केली. यास्मिन मात्र हसली नाही, आणि तिच्या घरात तर दोन मुलं वाढली होती. ती खाली बघून पेन्सिलीला टोक करत राहिली. टोक आधीच झालेलं होतं.

हसू ओसरल्यावर शर्वरीने मनगटावरची पट्टी बाहीखाली ओढली, कारण त्या सुखाने झोपणाऱ्या मातांत तीही होती.

घरी रोजचं जेवण झालं की सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून दोन्ही हात पुढे करायच्या. एका मनगटावर त्यांची पट्टी असायचीच. दुसऱ्यावर शर्वरी स्वतःची बांधायची. ओवी रात्रीतून चारदा उठायची, शर्वरीचे गुण घसरले असते, आणि सगळ्या घराचा विमा एकत्र असल्याने सासूबाईंचं ऑपरेशन लटकलं असतं. त्यांचा एक गुडघा नवा बसवलेला, दुसरा दिवाळीनंतर बसवायचा होता. सासूबाई पडल्या पडल्या घोरायच्या. शर्वरीच्या नावावर त्या झकास झोपत. त्यांच्या इमारतीत बाळ असलेल्या प्रत्येक घरात हेच चालायचं. कुणाची पट्टी नवऱ्याच्या हातावर, कुणाची आईच्या. जिन्यात बायका त्यावरून एकमेकींची थट्टा करायच्या.

थट्टेचा शेवट ठिपक्यांत होता. मृत्यूच्या नोंदींत शर्वरीने कारण पाहिलं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत काही थोड्या बायकांचं हृदय सैल पडतं. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. प्रत्येक आईला असंच वाटत असतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. वेळेवर कळलं तर औषधांनी बऱ्याच जणी सावरतात. पट्टीला ते रात्री कळलं असतं. पण रात्री पट्टी सासूच्या हातावर असते, आणि सासूचं हृदय ठणठणीत असतं.

बुधवारी सरावाच्या कागदावर शर्वरीने रेघ फुगवट्यावरून नेली. उपळेकरांनी कागद उजेडात धरला, मग तिला समोर बसवलं. तिने सगळं सांगितलं, स्वतःचं सोडून. झोपेचे गुण नव्या आयांना दोन वर्षं लावूच नयेत, म्हणजे लबाडीचं कारण राहणार नाही आणि पट्ट्या आपल्या हातावर परत येतील, असंही सुचवलं. उपळेकरांनी मधे एकदाही तोडलं नाही. ते झाल्यावर म्हणाले,

"भोईटे मॅडम, झोपेचे गुण ही कंपनीची जाहिरात आहे. ती कुणी मागे घेणार नाही. तुम्ही फुगवटा दाखवलात, तर मला कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहिलं की त्या वयाच्या प्रत्येक आईचा हप्ता मी वाढवणार. जिने लबाडी केली तिचाही आणि जिने नाही केली तिचाही. माझं कामच ते. आज मी इस्त्री फिरवतो म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. उपकार म्हणा हवं तर."

"पण त्या मरतायत, सर."

"लाखात काही जणी. आपण किती मरतात एवढंच सांगतो. त्यांना वाचवणारी माणसं वेगळी असतात." मग त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. "तुमचीही पट्टी पाहिली मी. दिवसा तुमचं हृदय तिशीचं असतं, रात्री साठीचं. झोप मात्र छान आहे हं."

त्यांनी पुढे जे सांगितलं ते सरळ होतं. शुक्रवारी सकाळी तिने नेमणुकीवर सही करायची, मग रेघ काढायची. एकदा सही झाली की रेघेबद्दल हाताला काढून टाकता येत नाही, हा कायदा त्यांनाही माहीत होता. पण खोटी पट्टी बांधल्याबद्दल घराचा विमा रद्द करता येतो, आणि तो कागद त्यांनी तयार ठेवला होता. रेघ सरळ आली तर तो कागद फाटेल. आणि हे काही जमणार नाही असं वाटत असेल, तर सहीच करू नका. मग तुम्हीही मोकळ्या, आम्हीही. ते म्हणाले, या व्यवसायात यावं की नाही हे लोक गणित येतं का यावरून ठरवतात. गणित यंत्राला येतं. आपल्याला हात स्थिर ठेवता येतो का, एवढंच बघायचं.

बाहेर यास्मिन उभी होती. पहिल्यांदाच ती आपणहून बोलली.

"रेघ नीट काढ. तू फुगवटा काढलास की सगळ्यांच्या पट्ट्या तपासतील. माझी बहीण पाच महिन्यांची बाळंतीण आहे, तिची पट्टी अम्मीच्या हातावर असते. मला काय माहीत नाही असं वाटतं तुला? मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

"मग तू काहीच कसं केलं नाहीस?"

"गप्प राहिले," यास्मिन म्हणाली. "तेही करावंच लागतं."

त्या संध्याकाळी शर्वरीने घरी सांगितलं. नवरा, निहार, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला असायचा. त्याला फोन लावला तर वाऱ्यात निम्मे शब्द उडून गेले. राहिलेल्या निम्म्यांचा अर्थ असा होता, की सही करू नकोस, दुसरी नोकरी बघू, आईच्या गुडघ्याशी खेळ नको. तो वाईट बोलला नाही. तो दमलेला होता, आणि दमलेल्या माणसासारखं त्याला काहीच घडायला नको होतं. शर्वरीला तो मार्ग पटतही होता. ती गेली तर तिसरा कुणीतरी येईल, स्थिर हाताचा, आणि फुगवटा पुन्हा चादरीखाली जाईल. ती निदान त्याला इस्त्री करणार नाही. स्वच्छ राहायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय होता, आणि म्हणूनच तो तिला टोचत होता.

सासूबाई ओवीला वरणभात भरवत ऐकत होत्या. त्यांनी आधी सुनेच्या शिक्षणाचा उद्धार केला, मग कंपनीचा, मग ज्याने मनगटावर बांधायची वस्तू शोधली त्याच्या खानदानाचा. आपल्याच घरावर धोंडा पाडून घ्यायला तुला महिना पगार मिळतो का, असंही विचारलं. जेवणं उरकली. शर्वरीने सवयीने पट्टी सोडून पुढे केली. सासूबाईंनी हात पुढे केला नाही.

"तुझी तू बांध."

"आई, गुण जातील."

"जाऊ देत. तू इथे सांगतेस, बाया मरतात म्हणून. उद्या तू मेलीस तर ते पाप माझ्या हाताला लागेल. मला नको ते." त्यांनी पदराने ओवीचं तोंड पुसलं. "आणि माझ्या गुडघ्याचं नाव पुढे करून पळून जायचं नाही. पळायचं तर स्वतःच्या नावाने पळ."

यात माया किती आणि भीती किती हे शर्वरीला ठरवता आलं नाही. सासूबाईंनी ठरवू दिलं नसतंच. दुसऱ्या दिवशी दिवसभर त्या तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि ताटात पोळी वाढली ती लांबून टाकल्यासारखी.

शुक्रवारी शर्वरीने सही केली. उपळेकरांनी हात पुढे केला. तिने तो घेतला. त्यांचा हात कोरडा होता, तिचा ओला. मग तिघं आपापल्या खोल्यांत गेले.

ठिपके समोर होते. विशीपासून तिने रेघ सुरू केली. पंचविशीपर्यंत हात चांगला चालला. सत्ताविशीपाशी तिला जे आठवायचं ते सगळं आठवलं: हप्ते वाढलेल्या, तिला शिव्या घालणाऱ्या बायका, जिन्यात नवा गुडघा पुढे टाकून जुना ओढत चढणाऱ्या सासूबाई. तिला नेहमी वाईटच आधी दिसायचं, आजही दिसलं. पण जे कुणी बघत नव्हतं तेही दिसलं. आडवं झाल्यावर दम लागला म्हणून उशी उंच करणारी एक बाई, आणि शेजारी तिचीच पट्टी बांधून शांत झोपलेली तिची सासू. शर्वरीने रेघ वर नेली, तेहेतिशीपाशी खाली आणली, आणि पुढे म्हातारपणापर्यंत नीट पोचवली. हात थरथरला होता. रेघेत ते दिसत होतं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ठिपके इथे आहेत. बाकीचं कारण उपळेकर लिहिणार होतेच. निदान ते तिच्या अक्षरात नको.

तीन कागद एकावर एक ठेवले गेले. दोन रेघा एक झाल्या, तिसरी उठून दिसली.

पुढचं सगळं उपळेकरांनी सांगितलं तसंच झालं, एक गोष्टही इकडची तिकडे नाही. नव्या आयांचे हप्ते वाढले. पट्ट्या ज्याच्या त्याच्याच हातावर चालतील असं नवं कुलूप बसवायचं ठरलं. भोइट्यांचा विमा रद्द झाला. सासूबाईंचं ऑपरेशन सरकारी दवाखान्याच्या रांगेत गेलं, आणि ती रांग दिवाळीच काय, पुढची दिवाळीही ओलांडणार होती. बातमी कुठून फुटली कुणास ठाऊक, पण इमारतीतल्या बायका जिन्यात शर्वरी दिसली की बोलणं थांबवू लागल्या. एकीने तर ओवीच्या गालाला लावलेला हात काढून घेतला. दोन दिवस निहार फोनवर फक्त हवामान सांगत होता.

ठिपके मात्र उघडे झाले. दवाखान्यांना ते मिळाले, आणि त्या वयाच्या बाळंतिणींना तपासायला बोलावणं सुरू झालं. किती वाचतील, वाचतील का, हे पुढच्या वर्षीच्या ठिपक्यांवरून कळणार होतं. शर्वरीला आता या वाट पाहण्याचीही चीड येत होती.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी यास्मिन कचेरीत तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"माझ्या बहिणीला बोलावलंय तपासायला. पाय सुजलेत म्हणे. तुझं तोंड बघायचं नाही, असं सांगितलंय तिने."

"गेली का ती?"

"गेली," यास्मिन म्हणाली, आणि निघून गेली. दार तिने जरा जोरातच लावलं.

उपळेकर नवे ठिपके घेऊन आले ते त्यानंतर. पन्नाशीच्या पुरुषांचा तक्ता होता. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पण हात त्यावरच राहू दिला.

"एकदा विचारतो. घराचा विमा घालवलात, शेजार घालवलात. हप्ते वाढले ते वाढलेच. आता तरी सांगा, हा व्यवसाय तुमच्यासाठी आहे का?"

गेले तीन महिने शर्वरी हेच स्वतःला विचारत होती, आणि उत्तर इतकं जवळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"माझ्यासाठी नाही, सर," ती म्हणाली. "पण मी नसले, तर तुमच्यासाठी तो फार सोपा होतो."

तिने त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतला.